थंड इंजिनातली टिकटिक

माझी पिकअप एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. मी स्वतः रोज बोलतो, ती गोष्ट वेगळी. सुतारांच्या कारखान्यांतून कपाटं, पलंग, टेबलं उचलायची आणि लोकांच्या घरी नेऊन पोचवायची, हा माझा धंदा. गाडीचं डावं दार आतून दोरी ओढल्याशिवाय उघडत नाही, एकच वायपर चालतो, हॉर्न त्याच्या मर्जीने वाजतो. पण इंजिन कधी कुरकुरलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी चावी फिरवल्यावर बॉनेटखालून टिक-टिक-टिक ऐकू आलं तेव्हा मी ती बंद करून पुन्हा फिरवून बघितली.

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. रेस दिली की भराभर यायचा, सोडली की सावकाश. दहाबारा मिनिटं गाडी पळाली की जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. बायको म्हणाली, "तुमच्या गाडीने घड्याळ गिळलंय." एरवी मी हसलो असतो.

गाडीला आवाज आला की आमच्या घरात पत्ता एकच, दाजींचं गॅरेज. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड आणि तिच्या मागे तीन खोल्यांचं घर. शेडमधून घरात जायला एक दार, त्या दाराला ग्रीसच्या बोटांचा इतका जाड थर की मूळ रंग कुणाला आठवत नाही. दाजी उंच, आयुष्यभर बॉनेटमध्ये डोकं घालून घालून थोडे वाकलेले. बोलणं कमी. लोक त्यांना कानसेन म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मी लग्नात करवला होतो तेव्हापासून ऐकत आलोय. एकदा समोरच्या टपरीवर आम्ही चहा पीत उभे होतो, रस्त्यावरून एक टॅक्सी गेली. दाजी कप खाली न ठेवता म्हणाले, "याचं मागचं चाक आठ दिवसांत जाम होणार." ते सहाव्या दिवशी झालं. दाजींचा अंदाज दोन दिवसांनी चुकला म्हणून मी त्यांना वर्षभर छळलं.

त्यांची एक पद्धत होती. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. टोक सरकत जायचं, इथे, तिथे, खाली. भोवती उभे असलेले लोकसुद्धा गप्प व्हायचे. मग स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "पाणी पिऊन येतो." आत जाऊन पाणी पिऊन यायचे आणि हात पुसत निकाल द्यायचे. बेअरिंग. टॅपेट. वॉटर पंप. अलीकडची काही वर्षं तर पाणी प्यायल्याशिवाय निकाल नाही, असा नियमच झाला होता. मी म्हणायचो, "दाजी, माठात कुणी इंजिनिअर बसवलाय का?"

ताई शेडच्या दारात लोखंडी स्टुलावर बसलेली असायची. मांडीवर ताट, ताटात निवडायची भाजी आणि तोंडाचा पट्टा चालू. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची ती उलटतपासणी घ्यायची. सकाळी जास्त वाजतं का संध्याकाळी? चढावर की उतारावर? ब्रेक दाबल्यावर थांबतं का? मी तिला मॅनेजरबाई म्हणायचो. भाजी निवडण्यासाठी बाईला घरात जागा नाही का, असंही एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही. गाडी आण, आमच्याकडे सगळ्यालाच औषध आहे."

ताईला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. मी दर रविवारी ताईकडे जायचो. शेवटच्या पाचसहा महिन्यांत तिच्या श्वासाला एक आवाज यायला लागला होता. श्वास सोडताना, अगदी शेवटी, बारीक शिटीसारखा. बोलताना कळायचा नाही. ती गप्प बसली की कळायचा. आणि मी काय केलं? मी दाजींकडे बघितलं. दाजी तिच्यापासून दीड हातावर बसून पेपर वाचत होते, निवांत. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या टॅक्सीचं बेअरिंग ज्यांना ऐकू येतं, ते शेजारी बसून निवांत आहेत, म्हणजे काळजीचं काही नसणार, असं मी धरून चाललो. एकदाच विचारलं होतं, "ताई, हा आवाज कसला गं?" तिने पटकन दाजींकडे बघितलं आणि म्हणाली, "फ्रिज घरघरतोय. जुना झालाय." मी मान डोलावली आणि चहा प्यायलो. मग एके दिवशी ती जिन्यात नाही, चढावर नाही, तर स्वयंपाकघरातल्या सपाट फरशीवर बसली ती उठलीच नाही. हृदय थकलेलं, छातीत पाणी. हॉस्पिटलात चार दिवस काढले आणि गेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं. ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. माझ्या कानातून ते अजून गेलेलं नाही.

तर पिकअप घेऊन मी दाजींकडे गेलो. शेडमध्ये एकच स्कूटर उभी होती. पूर्वी तिथे गाडी लावायला जागा मिळायची नाही. मला वाटलं, दुःखात माणसाचं मन लागत नाही, काम कमी घेत असतील. म्हटलं, "सकाळी थंड असताना ऐका." ते म्हणाले, "ठेव रात्रभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. टिक-टिक-टिक. शेडच्या पत्र्यामुळे तर दुप्पट ऐकू येत होतं. दाजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, डोळे मिटले, टोक फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, "पाणी पिऊन येतो." आत गेले. मी वाट बघत उभा. स्टूल तिथेच होतं, त्यावर ऑइलचा डबा ठेवलेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्यांना. बाहेर आले ते तोंड पुसत, माझ्याकडे न बघता.

"टॅपेट," म्हणाले.

झाकण उघडून त्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या एकेका टॅपेटची फट पातळ पट्ट्या घालून मोजली आणि बसवली. त्या कामात त्यांचे हात बघत राहावेत असे. झाकण लावलं, गाडी सुरू केली, माझ्याकडे बघून म्हणाले, "गेला ना?"

टिक-टिक-टिक.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. थट्टा करतायत का? पण थट्टा करणारा चेहरा नव्हता. खरं तर तो चेहरा माझ्याकडून काहीतरी मागत होता, आणि काय ते मला कळत नव्हतं. बायको गेलेल्या माणसाला 'तुम्ही चुकलात' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हो, गेला." आणि टिकटिकणारी गाडी घेऊन घरी आलो.

आठवडा काढला. आवाज वाढला. आता सुतारसुद्धा विचारायला लागले की पिकअपमध्ये टाइपरायटर ठेवलाय का. पुन्हा दाजींकडे गेलो, खोटंच म्हणालो की परत यायला लागलाय. पुन्हा रात्रभर गाडी ठेवली, पुन्हा स्क्रूड्रायव्हर, पुन्हा पाणी. या वेळी पट्टा बदलला आणि त्याची पुली. तापलेल्या पत्र्याखाली घाम गाळत दोन तास काम केलं. पुन्हा गाडी सुरू. पुन्हा तेच, "गेला ना?"

माझा एक दोष आहे. मी सहन करतो तेवढं करतो आणि मग तोंडातून जे निघतं त्यावर माझा ताबा नसतो. मी म्हणालो, "अहो दाजी, मेलेला माणूस उठून बसेल इतका वाजतोय!"

बोललो आणि जीभ चावली. ज्या घरातून अकरा महिन्यांपूर्वी आम्ही तिला उचलून नेलं होतं त्या घराच्या दारात उभा राहून मी हे बोललो होतो.

दाजींनी हात लांब करून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. ते स्टुलाकडे गेले, ऑइलचा डबा उचलून खाली ठेवला आणि स्वतः त्यावर बसले. त्यांना तिथे बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"कुठे वाजतोय?" ते म्हणाले. "मला सांग. मला ऐकू येत नाही."

"कमी येतोय का ऐकू? सर्दी वगैरे..."

"सात वर्षं झाली." त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. "समोर असला तर माणसाचं बोलणं येतं. जाड आवाज येतात. बारीक काही येत नाही. घड्याळ नाही, फोन नाही, चिमण्या नाहीत. टॅपेट तर नाहीच नाही."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग इतकी वर्षं?"

"तिला यायचं," दाजी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, मध्येच शेडच्या बाहेर बघत. कान गेले तेव्हा सगळ्यात आधी ताईच्या लक्षात आलं. कुकरची शिटी यांना ऐकू येईना. तिने तपासून आणलं, कानाचं मशीनसुद्धा आणलं. ते मशीन अजून कपाटात डबीत होतं, कारण कानाला मशीन लावलेल्या मेकॅनिककडे आवाजाची गाडी कोण आणणार? दाजी गॅरेज बंद करायला निघाले होते. तेव्हा ती म्हणाली, "मी बसते ना दारात." भाजीचं ताट घेऊन बसायला लागली ती तेव्हापासून. दाजी स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटायचे ते लोकांसाठी. खरं ऐकणारी स्टुलावर असायची. ते पाणी प्यायला आत गेले की ती तांब्या घेऊन मागोमाग जायची आणि दाराआड सांगायची. बशीवर कप हादरल्यासारखा, उजव्या अंगाला, रेस दिली की वाढतो. डब्यात बटणं हलवल्यासारखा, फक्त चढावर. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण आवाज कसा आहे हे तिच्याइतकं नेमकं कुणाला सांगता येत नसे. त्यावरून दाजी ओळखायचे. त्यांचं ज्ञान आणि तिचे कान. सात वर्षांत एकालाही पत्ता लागला नाही. मला, तिच्या सख्ख्या भावाला, मॅनेजरबाई म्हणून चिडवणाऱ्याला, तर मुळीच नाही.

"आता आत जातो," दाजी म्हणाले, "पाणी पितो. आणि बाहेर येऊन जे तोंडाला येईल ते सांगतो. लोक एकदा येतात. दुसऱ्यांदा येत नाहीत. तू आलास."

मला त्यांच्या जवळ जावंसं वाटलं, पण आमच्या घरात पुरुष पुरुषाच्या जवळ जात नाहीत, गाडीच्या जवळ जातात. मी बॉनेटपाशी गेलो. म्हटलं, "उठा. मी ऐकतो, तुम्ही सांगा."

पण सकाळपासून दोनदा चालून इंजिन तापत आलं होतं. मी ते बोललो, "आता काय, गरम झाल्यावर कमीच येतो," आणि दाजी ताडकन उठले.

"काय म्हणालास? गरम झाल्यावर कमी येतो?"

"जवळजवळ बंदच होतो. सकाळी जोरात."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"थंड असताना ऐका म्हणालो होतो की. बाकीचं तुम्ही विचारलंत कुठे?"

ते थांबले. "हो," म्हणाले. "ते विचारणारी ती होती."

दाजींनी पुढचं मला समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा जुना झाला, टपरीवर चहा पितानाचा. इंजिनातून जळलेला धूर बाहेर नेणारा एक जाड लोखंडी भाग असतो, मॅनिफोल्ड. तो इंजिनाला बोल्टांनी आवळलेला असतो. एखादा बोल्ट तुटला की तिथे केसाएवढी फट पडते आणि धूर तिथून फुसफुसत निघतो. ऐकणाऱ्याला ती हुबेहूब टॅपेटची टिकटिक वाटते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते आणि आवाज जातो. "शंभर मेकॅनिक इथे टॅपेटच म्हणतील," ते म्हणाले. "कान असलेलेसुद्धा." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

मी त्या रात्री तिथेच राहिलो. ताईच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून. सकाळी सहाला आम्ही शेडमध्ये होतो. बॉनेट हाताला गार लागत होतं. दाजींनी मॅनिफोल्डवरचा पत्रा आधीच काढून ठेवला होता. म्हणाले, "सुरू कर." मी चावी फिरवली आणि टिकटिक सुरू झाली. स्क्रूड्रायव्हर जागेवरच राहिला. त्यांनी तळहात उघडा केला आणि थंड लोखंडाच्या कडेने, बोटभर अंतर ठेवून, सावकाश फिरवत नेला. पहिल्या सिलिंडरपाशी काही नाही. दुसऱ्यापाशी काही नाही. तिसऱ्यापाशी काही नाही. सगळ्यात मागच्या, जिथे हात पोचायला खांदा गाडीत घालावा लागतो, तिथे त्यांचा हात थांबला.

"ये," म्हणाले. "हात घाल."

मी हात घातला. तळहातावर उबदार फुंकर लागत होती. फू, फू, फू. कानात टिकटिक आणि हातावर फुंकर, एकाच तालात. दाजी माझ्याकडे बघत होते. "लागतंय?" "लागतंय." मागचा बोल्ट मुळातून तुटलेला होता आणि त्याच्याभोवती काजळीचा काळा डाग पसरला होता. बघणाऱ्याला दिसलाही असता. पण दाजींनी आयुष्यभर आधी ऐकलं होतं आणि मग बघितलं होतं.

तुटलेला बोल्ट काढणं हे दात काढण्यासारखं काम. छिद्र पाडायचं, उलट्या आट्यांचा दांडा घालायचा, रॉकेल सोडत राहायचं. दुपारचा एक वाजला. आम्ही फारसं बोललो नाही. त्यांनी मागितलेला पाना मी चार वेळा चुकीचा दिला आणि चारही वेळा त्यांनी माझ्या कुळाचा उद्धार केला. मग आठवण होऊन थांबले, कारण ते कूळ ताईचंही होतं. नवा बोल्ट, फट बंद करणारं नवं गॅसकेट बसलं. गाडी नंतर, पुरती थंड झाल्यावर सुरू करून बघायची होती. आम्ही नळावर हात धुवायला गेलो.

साबणाचा चुरा हातावर घासता घासता दाजी म्हणाले, "हॉस्पिटलात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, यांच्या श्वासाला हा आवाज कधीपासून येतोय. मी म्हणालो, आवाज नव्हता. ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, अहो, मला दारातून ऐकू आला."

नळ वाहत होता. मी तो बंद केला नाही.

"तुझा कान तिच्यासारखाच आहे," दाजी म्हणाले. "काल कळलं मला. दर रविवारी तू तिच्या शेजारी बसायचास. तुला यायचा का ऐकू?"

अकरा महिने मी ज्या प्रश्नाला घाबरत होतो तो असा नळावर, हातावर फेस असताना आला. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मला ते जमलं असतं. आठवड्यापूर्वीच मी या माणसाला 'हो, गेला' म्हणालो होतो, आणि त्यांच्याकडे पडताळून बघायला काही नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती, आम्ही दोघं जेवायला बसलो असतो आणि तो आवाज नव्हताच, असं आमच्यापुरतं तरी खरं झालं असतं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. गेली सात वर्षं ते सगळ्यांच्याच ओठांकडे बघत होते आणि मी समजत होतो की ते लक्ष देऊन ऐकतायत.

"यायचा," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"पाच महिने. सहा असतील."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही निवांत होतात."

मी सगळंच सांगून टाकलं, की एकदा तिला विचारलं होतं, आणि तिने तुमच्याकडे बघितलं होतं, आणि फ्रिज घरघरतोय म्हणाली होती. सांगताना मला वाटलं की आता ते मला हाकलतील. त्यांनी हाकलावं, असंही वाटलं. दाजींनी नळ बंद केला. हातांवरचा फेस तसाच होता, तो ते बघत राहिले.

"गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे आवाज सांगितले तिने मला," ते म्हणाले. "हा तेवढा नाही सांगितला."

"तुम्हाला काळजी नको म्हणून असेल."

"मला तिला दवाखान्यात न्यायला लागलं असतं म्हणून. मग दारात कोण बसलं असतं?" त्यांनी हात शर्टालाच पुसले. "दम लागला की ती स्टुलावर बसायची. मी म्हणायचो, बरं आहे, बसून तरी आहे."

जेवणाचं कुणी नाव काढलं नाही. संध्याकाळपर्यंत ते शेडमध्ये पाने पुसत बसले, एकेक, परत परत. मी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून राहिलो. साडेपाचला त्यांनी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार झालंय का ते बघितलं आणि मला मान हलवून खूण केली.

मी केबिनमध्ये बसलो, दार लावलं, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. मी कान देऊन ऐकलं. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. काही नव्हतं. इतके दिवस डोकं खाणारी ती टिकटिक गेली होती, आणि इतकं नितळ चालणारं ते इंजिन ऐकता ऐकता मला रडू फुटलं. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, लहानपणी ताईने पोटाशी धरलं की रडायचो तसा मी रडलो. दाजी बॉनेटपाशी उभे होते, पाच पावलांवर. काच बंद होती, इंजिन चालू होतं; त्यांना ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं.

पण त्यांना दिसलं. ते खिडकीपाशी आले आणि काचेला तळहात लावून उभे राहिले, आणि माझं होईपर्यंत तिथून हलले नाहीत.